खरवडलेली फिल्म

८ जानेवारी

प्रिय दादा,

आज पावणेसहाला उठले. पाणी भरलं, डबे केले, टकळीला औषध देऊन शाळेत पाठवलं आणि साडेआठला कामावर गेले. बारा गठ्ठे कापड तपासलं. तीन ठिकाणी सुटलेला धागा, एका ठिकाणी तेलाचा डाग. पाचला सुटले. येताना थोरल्याचं वाचनालयाचं कार्ड परत केलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "बंद करायचं?" मी हो म्हटलं.

थोरल्याला जाऊन सात आठवडे झाले. तू आलास तेव्हा घरात माणसं होती, आणि माणसांत मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही. म्हणून लिहिते.

त्या शेवटच्या दिवशी इस्पितळात एक तरुण डॉक्टर फिल्म हातात घेऊन बाहेर आले. म्हणाले, "याचं हृदय उजवीकडे आहे. तुम्हाला माहीत होतं ना?" मी नाही म्हटलं. मी पोराचं नाव विसरले असावे अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आतून हाक आली आणि ते पळाले. दोन तासांनी सगळं संपलं. कागदावर न्यूमोनिया लिहिलं आहे, हृदयाबद्दल एक शब्द नाही. ती फिल्म मागायला दोनदा गेले. सापडत नाही म्हणतात.

माझा मुलगा एकवीस वर्षं खोकला. जन्मल्यावर आठवडाभर प्राणवायूवर होता. कान वाहायचे, नाक कधी कोरडं नसायचं. डॉक्टर बदलला की कारण बदलायचं. दमा, धूळ, अ‍ॅलर्जी. एकाने तर लाड असंही सांगितलं. टकळीचंही अगदी तसंच आहे. तीही जन्मली तेव्हा आठवडाभर पेटीत होती. अकरा वर्षांची झाली, बिनखोकल्याचा एक दिवस आठवत नाही. सासूबाई म्हणतात, हा कफ तुमच्या माहेरचा.

थोरला पाच वर्षांचा असताना आणि मग बारा वर्षांचा असताना तू तुझ्या एक्स-रे खोलीत त्याच्या छातीच्या फिल्म काढल्या होत्यास. दोन्ही तू ठेवून घेतल्या होत्यास. त्या मला पाठव.

तुझी
घुमी

१९ जानेवारी

प्रिय घुमे,

तुझ्याकडून दोन पानं! लहानपणी तुझ्या तोंडून एक वाक्य बाहेर यायचं तर मला चिमटा काढावा लागायचा. अक्षर पाहून आधी हसू आलं, मग वाचलं आणि ते ओसरलं.

त्या पोरसवदा डॉक्टरचं मनावर घेऊ नकोस. फिल्म उलटी धरली की कोणाचंही हृदय उजवीकडे दिसतं. एकतीस वर्षं त्या अंधाऱ्या खोलीत काढली मी, असले घोळ पोत्यांनी पाहिले आहेत. जुन्या फिल्म शोधल्या. निवृत्त झालो तेव्हा बराच कचरा काढला होता, त्यात गेल्या असणार. आणि सापडल्या तरी करायचंय काय त्यांचं? गेलेलं पोर फिल्म बघून परत येत नाही.

टकळीचं म्हणशील, तर तू दिवसभर कापडाच्या धुळीत उभी असतेस आणि तीच अंगावर घेऊन घरी येतेस. कपडे दाराबाहेर झटकून आत येत जा. तुझी वहिनी रोज तुझी आठवण काढते. जेवत जा वेळेवर.

तुझा
दादा

२७ जानेवारी

दादा,

कपडे मी बाहेर झटकते. अकरा वर्षं झटकते आहे.

टकळीला छातीच्या दवाखान्यात एका डॉक्टरबाईंकडे नेलं. वयस्कर आहेत, कमी बोलतात, त्यामुळे मला बरं वाटलं. पाऊण तास त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. मग कागदावर चित्र काढलं. नाकापासून फुप्फुसापर्यंत आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. ते सारखे हलत असतात आणि आत गेलेली धूळ, जंतू, कफ असं सगळं घशाकडे ढकलत आणतात. काही घरांतल्या मुलांचे हे केस जन्मापासूनच नीट हलत नाहीत. कफ आत साचून राहतो आणि फुप्फुस हळूहळू खराब होत जातं. हजारो मुलांत एखादं असं असतं, त्यामुळे डॉक्टरांनाही ते चटकन आठवत नाही.

मी त्या तरुण डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. पोटात असताना हृदय कोणत्या बाजूला जाणार हेही तसल्याच केसांवर ठरतं म्हणे. ते हलले नाहीत तर नाणं उडवल्यासारखा प्रकार होतो. निम्म्या मुलांचं हृदय डावीकडे जातं, निम्म्यांचं उजवीकडे. टकळीचं डावीकडे आहे म्हणून ती सुटली असं होत नाही. पण बाई म्हणाल्या, "मुलाचं उजवीकडे होतं हे दाखवणारं काहीतरी द्या मला. पुढची तपासणी लांबच्या प्रयोगशाळेत होते आणि नुसत्या ऐकलेल्या वाक्यावर वरचे लोक ती मंजूर करणार नाहीत. दमा म्हणून मोकळे होतील."

तोवर एक जुनी, साधी तपासणी करणार आहेत. नाकात गोड पावडरीचा एक कण ठेवतात आणि घशात गोड कधी लागतं ते घड्याळावर पाहतात. केस हलत असतील तर अर्ध्या तासाच्या आत लागतं. हलत नसतील तर तासभर बसूनही लागत नाही. २० फेब्रुवारीला बोलावलं आहे.

त्याआधी मला फिल्म हवी आहे. कचऱ्यात गेल्या असं तू लिहिलंस. तू शाळेतल्या पेन्सिलींचे तुकडेसुद्धा डब्यात भरून ठेवले आहेस. पुन्हा बघ.

घुमी

९ फेब्रुवारी

प्रिय घुमे,

एक सापडली. पाच वर्षांचा असतानाची. सोबत पाठवतो. नीट बघ, कोपऱ्यात डाव्या बाजूचं अक्षर आहे आणि हृदयही त्याच बाजूला आहे. म्हणजे मी म्हटलं तेच. त्या पोरसवदा डॉक्टरने फिल्म उलटी धरली होती.

आता तरी मन शांत कर. टकळीला दमा आहे, तो वयाबरोबर जातो.

दादा

२४ फेब्रुवारी

दादा,

२० तारखेला तपासणी झाली. बाईंनी टकळीला सांगितलं, मान थोडी पुढे, शिंकायचं नाही, हुंगायचं नाही, पाणी नाही, आणि बोलायचं नाही.

"बोलायचं नाही म्हणजे किती वेळ?"

"गोड लागेपर्यंत."

"आणि लागलंच नाही तर मी कायमची आईसारखी?"

बाई हसल्या. मलाही हसू आलं. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच.

बावीस मिनिटांनी तिने हात वर केला. गोड लागलं म्हणाली. बाईंनी वेळ लिहिली, तू पाठवलेली फिल्म पाहिली आणि फाइलवर दमा लिहिलं. "बरंच झालं की," असं म्हणून माझ्याकडे पाहून थांबल्या. मी म्हटलं, "मला पटत नाही." त्या म्हणाल्या, "मग मला पटेल असं काही आणा."

दुसऱ्या दिवशी मी फिल्म कामावर नेली. आमच्या टेबलाला काच आहे आणि काचेखाली दिवे आहेत. कापड तिच्यावरून सरकतं आणि चूक दिसली की मी खडूने गोल करते. अठरा वर्षं माझं एवढंच काम आहे. जेवणाच्या सुट्टीत फिल्म काचेवर ठेवली. कोपऱ्यातलं अक्षर पांढऱ्या शाईने लिहिलेलं आहे. तुझ्या खोलीत शिशाची अक्षरं असायची, त्यांची छाप फिल्ममध्येच उमटायची. तूच मला एकदा हौसेने दाखवली होतीस. मग इथे शाई कशाला? म्हणून समोरचा कोपरा भिंगातून पाहिला. नखाएवढ्या जागेतला काळा रंग खरवडून काढला आहे. बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने. रफू कितीही चांगलं असलं तरी खालून उजेड आला की लपत नाही.

तिथे एक अक्षर होतं आणि ते कोणीतरी ब्लेडने काढलं आहे.

कोणी काढलं, दादा?

घुमी

२ एप्रिल

प्रिय मामा,

हे पत्र गुप्त आहे. वाचून झालं की फाडून टाक आणि मामीला दाखवू नकोस. तिला दाखवलंस तर सगळ्या गल्लीला दाखवल्यासारखंच आहे.

आईने तुला पत्र लिहिलं आणि तू उत्तर दिलं नाहीस. ती काही म्हणत नाही. पण कामावरून आली की आधी टपालाच्या पेटीत हात घालते आणि मग चप्पल काढते. पूर्वी आधी चप्पल काढायची.

मला एक सांगायचंय. त्या दिवशी मला गोड लागलं नव्हतं. काहीच लागलं नव्हतं. आई आणि डॉक्टरबाई बोलत होत्या ते मी ऐकलं होतं, की अर्ध्या तासाच्या आत लागलं तर ठीक, नाहीतर भाऊला होतं तेच मला. भिंतीवर घड्याळ होतं. बरोबर वीसला हात वर केला असता तर संशय आला असता, म्हणून मी बावीसला केला. मला भाऊसारखं व्हायचं नव्हतं. आणि आईला परत तेच सगळं करायला लागू नये असंही वाटलं.

आता सगळे म्हणतात दमा. पण औषध घेऊनही खोकला तेवढाच आहे. वर्गात मला दाराजवळ बसवलंय, म्हणजे खोकला आला की लगेच बाहेर जाता येतं. परवा मी गणिताचा पूर्ण तास बाहेर होते. खेळायलाही सोडत नाहीत, बाकावर बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळते.

तू एक्स-रेवाला आहेस म्हणून तुला विचारते. हलतात असं सांगून टाकलं, तर थोड्या दिवसांनी ते केस खरंच हलायला लागतात का?

आईला सांगू नकोस. ती ओरडणार नाही, नुसती गप्प बसेल. त्यापेक्षा ओरडलेलं परवडतं.

तुझी
टकळी

९ एप्रिल

घुमे,

सोबत टकळीचं पत्र आहे. फाडून टाक म्हणाली होती. फाडलं नाही. ती माझ्यावर चिडेल, चिडू दे. तिला गोड लागलं नव्हतं. आधी जाऊन डॉक्टरबाईंना हे सांग, मग पुढचं वाच.

ते अक्षर मी काढलं.

थोरल्याला तू पहिल्यांदा आणलंस त्याच्या आदल्या महिन्यात माझ्याकडून एक चूक झाली होती. एका म्हातारीच्या छातीत पाणी झालं होतं. मी शिशाचं अक्षर चुकीच्या बाजूला ठेवलं आणि डॉक्टरांनी चांगल्या बाजूला सुई घातली. म्हातारी वाचली. पण डॉक्टरांनी मला सगळ्या रांगेसमोर उभं करून सांगितलं, पुन्हा डावं-उजवं चुकलं तर घरी बसायचं. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

मग थोरल्याची फिल्म धुऊन बाहेर काढली, तर हृदय उजव्या बाजूला. माझ्या डोक्यात एकच आलं, पुन्हा अक्षर चुकलं. त्याला परत उभं करून दुसरी काढायला हवी होती. बाहेरून डॉक्टर हाका मारत होते. मी ब्लेडने अक्षर खरवडलं आणि समोर शाईने लिहिलं.

तो बारा वर्षांचा असताना तू पुन्हा आणलंस. तेव्हा मी अक्षर तीनदा तपासून ठेवलं. त्याचा हात धरून विचारलं, "हा डावा ना रे?" तो म्हणाला, "मामा, तुला अजून कळत नाही?" फिल्म धुतली. हृदय उजवीकडेच होतं. पहिली चूक घाईत झाली होती. ही मी समजून उमजून केली. दुसरी फिल्म खरी दाखवली असती तर पहिली खोटी आहे हे बाहेर आलं असतं. म्हणून तीही खरवडली. तीही माझ्याकडेच आहे, पाठवतो आहे. कचऱ्याचं खोटं होतं.

मला वाटलं, उजवीकडे तर उजवीकडे, धडधडतंय ना? खोकल्याशी त्याचा काही संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. हे स्वतःला सोडवून घ्यायला लिहीत नाही. मला माहीत नव्हतं, पण मी गप्प बसलो नसतो तर ज्याला माहीत आहे अशा कोणाच्या तरी कानावर गेलं असतं.

दीड महिना रोज लिहायला बसत होतो. पोरीचं पत्र आलं आणि मग लिहिता आलं.

काय करू ते सांग. सांगशील ते करतो.

दादा

३० जून

दादा,

तू आलास. बाईंसमोर उभा राहिलास आणि दोन्ही फिल्मबद्दल सगळं सांगितलंस. लिहून सही दिलीस. त्या दोन दिवसांत मी तुझ्याशी बोलले नाही. मला जमलंच नाही. आता निकाल हातात आला आहे, म्हणून लिहिते.

तुझ्या सहीचा कागद आणि दोन फिल्म पाहिल्यावर वरच्यांनी तपासणी मंजूर केली. टकळीने स्वतः बाईंना सांगितलं की तिने खोटं सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, "बावीसच का?" टकळीने कारण सांगितलं. बाई म्हणाल्या, "माझ्या नोकरीत मला इतक्या शिस्तीत कोणी फसवलं नव्हतं." तिच्या नाकाच्या आतून छोट्या ब्रशने नमुना घेतला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण ओरडली नाही. नमुना लांब पाठवला, रक्तही पाठवलं. सहा आठवडे गेले.

गेल्या आठवड्यात बाईंनी संगणकावर आधी निरोगी माणसाचा नमुना दाखवला. सगळे केस एकत्र वाकत होते आणि उठत होते, न थांबता. मग टकळीचा लावला. ते हलत नव्हते. मी बराच वेळ पाहत राहिले, एखादा तरी हलेल म्हणून. टकळी म्हणाली, "म्हणजे मी एवढं सांगूनही नाहीच हलले."

रक्तातही तेच निघालं. अर्धा दोष माझ्याकडून, अर्धा यांच्याकडून. आम्हा दोघांना काही होत नाही, दोन्ही अर्धे एका मुलात आले की होतं. सासूबाईंना मी हे कागदासकट वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा मागितला, स्वतः वाचलं आणि आत निघून गेल्या. त्यानंतर माहेरचा कफ हा शब्द घरात ऐकला नाही.

बाईंनी स्पष्ट सांगितलं, हा आजार बरा करणारं औषध नाही. पण पाच वर्षांच्या वयात ओळखला असता तर थोरल्याची फुप्फुसं इतकी खराब झाली नसती. हे मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. तुलाही माहीत असायला हवं.

औषध नसलं तरी काम भरपूर आहे. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास छाती मोकळी करायची. पाठ थोपटायची, नळीतून फुंकायला लावायचं, कफ बाहेर काढायचा. कफाचा रंग बदलला की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. धावायचं, उड्या मारायच्या. खोकला दाबणारी तीन औषधं घरात होती, ती मी मोरीत ओतली. इतकी वर्षं आपण तिचा खोकला थांबवत होतो, दादा. तिच्याकडे कफ बाहेर काढायचं तेवढं एकच साधन आहे, आणि आपण सगळे मिळून त्याला गप्प कर म्हणत होतो.

सोमवारी अर्धी रजा टाकून शाळेत गेले. नव्या वर्गातही तिला दाराजवळच बसवलं होतं. मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसले. मला बोलायला वेळ लागतो, त्या घड्याळाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "माझी मुलगी वर्गात खोकेल. जागेवर बसून खोकेल. तिचा आजार दुसऱ्याला लागत नाही, हे पत्र आहे. तिला दाराजवळून उठवा आणि खेळायला सोडा." त्या म्हणाल्या, "पण इतर मुलांना व्यत्यय येतो." मी म्हटलं, "येऊ दे." त्यांनी आणखी काहीबाही सांगितलं. मी उठले नाही. शेवटी त्यांनी वर्गशिक्षिकेला बोलावलं. टकळी आता दुसऱ्या बाकावर, खिडकीपाशी बसते. खोकून झालं की वर्गातल्या बाईंना म्हणते, "हं, पुढे चालू द्या."

थोरल्याच्या कागदावर अजून नुसतं न्यूमोनिया आहे. त्यात मूळ आजाराचं नाव घालावं म्हणून मी इस्पितळाला अर्ज दिला. तुझी सही जोडली आहे. "आता त्याचा काय उपयोग?" असं तिथल्या कारकुनाने विचारलं. मी म्हटलं, त्याला हा आजार होता, म्हणून. अर्ज परत आला तर पुन्हा देईन. मी दर आठवड्याला जाणार आहे, त्यांना माझा चेहरा पाठ होईपर्यंत.

जाताना दारात तू विचारलंस, माफ केलंस का. नाही केलं. टकळीने केलं आहे. ती अकरा वर्षांची आहे, तिला जमतं. मला कधी जमेल हे मी सांगू शकत नाही आणि तू विचारू नकोस. तू तिला फार खचलेला दिसलास. खचून चालणार नाही. तुझ्या जुन्या दवाखान्याच्या माळ्यावर फिल्मचे गठ्ठे आहेत असं तू डॉक्टरबाईंना म्हणाला होतास. आणखी किती फिल्मवर तू असं केलंस ते तुलाच माहीत. ते काढ. ज्यांच्या फिल्मवर तू शाईने अक्षर लिहिलं असशील, त्यातलं एखादं पोर आजही कुठेतरी खोकत असेल. तुझ्या हातचं काम फक्त तू ओळखशील. नावं काढ आणि डॉक्टरबाईंना कळव. काय सापडलं ते मलाही लिही. तुझी पत्रं मी वाचेन.

टकळी शाळेत गेली आहे, हे कामावर. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, तिच्या पलंगाचा पायथा विटेएवढा उंच करा, म्हणजे थोपटताना कफ खाली उतरेल. दोन मजबूत विटा आणल्या आहेत. शेजारची म्हणाली, दोन माणसं लागतील, संध्याकाळी करा. मी गादी काढून भिंतीला लावली, एक पाय खांद्याने उचलला आणि वीट पायाने सरकवली. पलंग आता एका बाजूने उंच झाला आहे. दुसरी वीट राहिली आहे. ती सरकवायला उठते.

घुमी